कोट गेला कुठं, घोंगडी आली कुठून?

पडद्यामागून : वाचकांचे प्रश्न, जुन्या ऑपरेटरची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा पिक्चर थेटरातल्या प्रोजेक्टरच्या केबिनच्या काचेतून तीस-पस्तीस वेळा पाहिला आणि अजून त्याला कंटाळलो नाही, एवढंच म्हटलं होतं. त्यावर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच आणून दिला. निम्मे खूश, निम्मे चिडलेले. एकाने तर विचारलंय, सोलापूरच्या मासिकात शेवयांचं काय काम? (अशा पिक्चरना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणतात. काउबॉय अमेरिकेतले आणि बनवणारे इटलीतले, म्हणून त्यांच्या शेवयांचं नाव चिकटलं. आधी ते नाव टिंगलीचंच होतं.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध चालू आहे, साल १८६२. दोन लाख डॉलरचं सोनं एका कब्रस्तानात पुरलेलं आहे. तिघं त्याच्या मागावर. एकाला कब्रस्तानाचं नाव माहीत, दुसऱ्याला थडग्यावरचं नाव माहीत, आणि तिसरा या दोघांच्या मागावर. पहिला टुको, म्हणजे एली वॉलाक. दुसरा ब्लाँडी, म्हणजे क्लिंट ईस्टवुड. तिसरा एंजल आइज, म्हणजे ली व्हॅन क्लीफ. दिग्दर्शक सर्जिओ लिओने, साल १९६६. बहुतेक शूटिंग झालं स्पेनमध्ये. अमेरिका त्यात नावालाच.

आता पत्रं घेतो. सगळी घेणार नाही.

प्रश्न : काका, आजोबा सारखं सांगतात म्हणून हा पिक्चर मोबाइलवर लावला. पहिली दहा मिनिटं कुणी बोलतच नाही. दीडपट वेगानं पाहिला तरी झोप लागली. त्यात आहे तरी काय? – कॉलेजात शिकणारी एक, जुळे सोलापूर

उत्तर : बाळ, दीडपट जाळावर हुरडा भाजला तर हातात कोळसा येतो. वेग आधी जागेवर आण, मग बोलू.

पहिलंच दृश्य आठव. उजाड माळ, लांब डोंगर. आपल्याला वाटतं, आता त्या माळावरून कुणीतरी येणार, म्हणून आपण डोळे ताणून लांब बघत बसतो. तेवढ्यात बाजूनं एक रापलेला, खडबडीत चेहरा पडद्यात घुसतो आणि माळ दिसेनासा होतो. आमच्या थेटरात पहिल्या दिवशी पुढच्या रांगेतली माणसं या जागी चक्क मागं सरकली होती. लिओनेचा सगळा खेळ या एका क्षणात आहे. एकतर फार लांबचं दाखवायचं, नाहीतर फार जवळचं. मधलं अंतर त्याला ठाऊकच नाही.

नंतरचा शेतावरच्या घराचा प्रसंग बघ. एक पोरगं जनावरावर बसून विहिरीच्या रहाटाला फेऱ्या घालतंय. लांबून घोडेस्वार येतो. सावकाश, फारच सावकाश. पोरगं घरात पळतं. बाप जेवायला बसलेला असतो. पाहुणा दारात उभा राहतो, आत येतो, समोर बसतो. कुणी ‘या’ म्हटलेलं नाही, ‘बसा’ म्हटलेलं नाही. तो स्वतःच वाडग्यात वाढून घेतो आणि लाकडी चमच्यानं खायला लागतो. यजमान बघतोय. पाहुणा खातोय. चमच्याचा आवाज तेवढा.

आमच्या सकाळच्या खेळाला रातपाळी करून आलेले मागवाले, हमाल, दोन-चार कॉलेजची पोरं असं पब्लिक. इंग्रजी येणारा हाताच्या बोटांवर मोजावा. तरी त्या चमच्याच्या आवाजात स्टॉलमधून एकजण मोठ्यानं म्हणाला, “जेवून मारणार बे हा!” आणि त्यानं जेवूनच मारलं. दुसऱ्याच्या घरी न बोलावता बसून जो माणूस पोटभर खातो तो कशासाठी आलाय, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? आपल्याकडं दारात आलेल्याला भाकरी विचारायची रीत आहे. त्यानं ती विचारायची वेळच येऊ दिली नाही, तिथंच लोकांनी त्याला ओळखलं.

शेवटच्या चकमकीचंही तसंच. कब्रस्तानाच्या मधोमध दगडी गोल, त्यात तिघं उभे. जवळजवळ पाच मिनिटं गोळी सुटत नाही. डोळे, हात, कमरेचा पट्टा, पुन्हा डोळे. प्रत्येक फेरीला चेहरा थोडा जवळ आणि शॉट थोडा आखूड. ली व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं, ते तिथं पडद्यावर हातभर मोठं दिसतं. पिस्तुलाकडं सरकणारं ते अर्धं बोट पाहून थेटरातली चुळबुळ बंद व्हायची. मी केबिनमध्ये असायचो. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत आल्या की उजेड पिवळा पडतो, म्हणून हाताने त्या पुढं सरकवत राहावं लागतं. त्या पाच मिनिटांत माझा हात कांडीवरून हलायचा नाही. तिथं उजेड लडखडला असता तर लोकांनी मला खाली ओढून नेलं असतं.

आणि संगीत. एन्यो मोरिकोने हा लिओनेच्या शाळेतला वर्गमित्र. मुख्य धून म्हणजे कोल्ह्याच्या कोल्हेकुईसारखे दोनच सूर, पण ब्लाँडीसाठी ते बासरीवर वाजतात, एंजल आइजसाठी मातीच्या फुंकवाद्यावर, आणि टुकोसाठी माणसाच्या गळ्यातून येतात. कोण येतोय ते कानाला आधी कळतं. डोळे मिटून ऐकून बघ. झोप लागली तर पत्र पाठव, मी हरलो.

प्रश्न : तोंड एक हलतं, आवाज भलताच येतो. मुलाला दाखवत होतो, तो हसायला लागला. एवढा थोर म्हणतात त्या पिक्चरमध्ये ही ढिलाई? – एक व्यापारी, नवी पेठ

उत्तर : मालक, ढिलाईच आहे, झाकत नाही. इटलीत त्या काळी शूटिंगच्या वेळी आवाज पकडायची पद्धतच नव्हती. पडद्यावर बोलणारे स्वतःच्या भाषेत बोलायचे. ईस्टवुड इंग्रजीत, समोरचा इटालियनमध्ये, तिसरा स्पॅनिशमध्ये. नंतर स्टुडिओत बसून प्रत्येक भाषेसाठी आवाज चढवायचे. म्हणजे या पिक्चरचा ‘खरा’ आवाज असा नाहीच. इटालियन प्रत काढून बघा, तिथं ईस्टवुडचं तोंड चुकतं.

पण तुम्ही नवी पेठेत दुकान चालवता. गिऱ्हाईक तेलुगूत विचारतं, तुम्ही मराठीत भाव सांगता, हमाल कन्नडमध्ये मधेच बोलतो आणि सौदा होतो. आमच्या वाड्यात तर आजी कन्नडमध्ये शिव्या द्यायची आणि बाबा मराठीत माफी मागायचे. ओठ आणि शब्द जुळायलाच पाहिजेत हा हट्ट मला कधी पटलाच नाही. तुमच्या मुलाला हसू दे. हसण्यासारखं आहेच.

पैशाची ओढाताण तर चित्राच्या पट्टीवरच छापलेली आहे. साध्या फिल्मवर एक चौकट पट्टीच्या कडेच्या चार भोकांच्या उंचीची असते. लिओनेनं वापरली टेक्निस्कोप नावाची पद्धत, तिच्यात चौकट दोन भोकांची. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये तेवढाच पिक्चर. आमच्याकडं कुणी निम्म्या सुतात चादर विणून दिली तर लोक ती उजेडात धरून बघतील, तसं ही प्रिंट उजेडात धरली की कळायचं. लॅबमध्ये चित्र मोठं करताना दाणा उठलेला असायचा, चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखा. आता गंमत बघा. तो दाणा या पिक्चरला शोभला. घाम, दाढीचे खुंट, फुटलेले ओठ, सगळं त्यात मिसळून गेलं. एखाद्या गुळगुळीत प्रेमकथेला हीच पद्धत लावली असती तर नायिकेनं दिग्दर्शकाला घराबाहेर काढलं असतं.

आता तुम्ही दोष काढताच आहात तर माझेही घ्या. एंजल आइज मधे बराच वेळ गायब असतो आणि परत येतो तो एकदम उत्तरेच्या सैन्यात सार्जंट होऊन. कसा झाला, कुणी केला, काही नाही. ब्लाँडीच्या कमरेला जे पिस्तूल आहे त्यात तो तयार काडतुसं भरतो. १८६२ साली त्या पिस्तुलात सुटी दारू आणि शिशाची गोळी ठासावी लागायची. आणि सगळ्यात मोठी लबाडी कॅमेऱ्याची. ब्लाँडी आणि टुको उघड्या रानातून चालत येतात, आणि दहा पावलांवर आख्खी फौज, खंदक, तोफा! इतका वेळ ती दिसली कशी नाही? कारण ती पडद्याच्या चौकटीबाहेर होती. आपल्याला दिसत नाही ते त्या माणसांनाही दिसत नाही, असा याचा कायदा. पहिल्यांदा मी चिडलो होतो. आता त्या जागेची वाट बघतो.

टुकोबद्दलही एक बोललं पाहिजे. मेक्सिकन माणूस म्हणजे कळकट, चोर, पोटभरू, असा जो साचा अमेरिकन पिक्चरमध्ये ठरलेला होता, तोच इथं उचललाय. आणि ते काम करणारा वॉलाक जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू घरात. पण त्याच साच्यात बसून त्या माणसानं पिक्चर खिशात घातला. मठातला प्रसंग आठवा. टुकोचा भाऊ पाद्री आहे, नऊ वर्षांनी भेटतोय. आईबाप गेल्याचं त्याच्याकडूनच कळतं. दोघं भांडतात, हात उचलतात. टुको म्हणतो ते साधारण असं, की आपण जिथं जन्मलो तिथं उपाशी मरायचं नसेल तर दोनच वाटा होत्या, पाद्री व्हायचं नाहीतर दरोडेखोर. तू तुझी वाट धरलीस, मी माझी, आणि माझी अवघड होती. मग बाहेर गाडीवर येऊन बसतो आणि ब्लाँडीला थाप मारतो, की भावानं जेवल्याशिवाय सोडलंच नाही बघ. ब्लाँडीनं सगळं ऐकलेलं असतं. तो एवढंच म्हणतो, की जेवणानंतर चिरूट बरा लागतो, आणि स्वतःच्या तोंडातला काढून देतो. आमच्या पब्लिकला त्यातला एक शब्द कळला नसेल. पण या जागी बिडी पेटवायला काढलेली काडी कुणी ओढायचं नाही.

प्रश्न : ‘शोले’ ह्याच्यावरूनच उचलला ना? खरं सांगा. – दमाणी नगर

उत्तर : ह्याच्यावरून नाही. ठाकूरच्या घरच्यांना गब्बर मारतो तो प्रसंग लिओनेच्याच १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’वरून सुचलेला आहे, दोन्ही पाठोपाठ बघितले की दिसतं. पण लिओनेनंही १९६४ सालचा पहिला वेस्टर्न जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून बेतला होता आणि त्यापायी जपान्यांना पैसे मोजले होते. चोराच्या घरी चोरी झाली, एवढंच म्हणेन. गब्बर मात्र आपला.

प्रश्न : तुम्ही एवढं कौतुक करता, पण पावणेतीन तासांत बाई कुठं आहे? मी आठवीच्या मुलींना शिकवते. त्यांना हा पिक्चर दाखवायचा झाला तर काय सांगून दाखवू? – एक शिक्षिका, विजापूर रोड

उत्तर : ताई, इथं मी कान पकडतो. बाया आहेत दोन-तीन. एक त्या शेतावरच्या घरातली, जी नवऱ्याचं आणि मुलाचं प्रेत बघून कोसळते. दुसरी मारिया, जिच्या वाट्याला एंजल आइजच्या थपडा येतात आणि तिच्या तोंडून सोन्याची खबर असलेल्या माणसाचा ठावठिकाणा काढून झाला की पिक्चर तिला विसरतो. बाकी सगळा पुरुषांचा बाजार.

हे माझ्या लक्षात माझं माझं आलं असं नाही. माझी बायको विड्या वळायची. दिवसाचा हिशोब हजारी विड्यांवर, त्यामुळे सकाळचा खेळ म्हणजे तिच्या दृष्टीनं पैशाचं नुकसान. तरी एकदा पास देऊन बाल्कनीत बसवली. घरी आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ती सूप घेऊन तंबाखू पसरत म्हणाली, “बराय. पण ह्यांना भाकरी कोण करून घालतंय?”

मी हसलो. तिनं पुढं विचारलं, “एवढी थडगी दाखवली. एकावर तरी बाई रडताना दिसली का?”

त्या कब्रस्तानात पाच हजारांवर थडगी आहेत. शूटिंगसाठी स्पॅनिश सैनिकांनी बुर्गोसजवळच्या डोंगरात ती उभी केली होती. टुको सोन्याच्या नादात त्यांच्यामधून पळत सुटतो, गोल गोल, कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो, मागं एका बाईचा आवाज चढत चढत जातो. ती गायिका एडा देल’ऑर्सो. शब्द नाहीत, नुसता गळा. मी ते दृश्य पिक्चरमधलं सगळ्यात मोठं म्हणून सांगत आलोय, अजूनही सांगतो. पण बायकोनं विचारल्यापासून मला तिथं पाच हजार लाकडी खुणा दिसतात आणि त्यांच्याजवळ एकही बाई दिसत नाही. आख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात ठळक बाई म्हणजे तो आवाज, आणि तिला चेहरा दिलेला नाही. मुलींना दाखवा ताई, आणि माझ्या बायकोचे दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहून दाखवा. ती आता नाही. तिला आवडलं असतं.

प्रश्न : कोणती प्रत बघावी? लांब की आखूड? – सात रस्ता

उत्तर : आखूड. म्हणजे १६१ मिनिटांची. २००३ साली इंग्रजीत लांब प्रत काढली. तिच्यातल्या वाढीव प्रसंगांसाठी ईस्टवुड आणि वॉलाकनं नव्यानं आवाज दिला. वॉलाक तेव्हा सत्त्याऐंशीचा. मधेच टुकोच्या तोंडून आजोबा बोलायला लागतात. ली व्हॅन क्लीफ तर १९८९ मध्येच गेलेला, त्याचा आवाज दुसऱ्याच कुणी काढलाय. मोठा टीव्ही असेल त्याच्या घरी जा, वाटल्यास शेंगा चटणी घेऊन जा.

आता शेवटचं पत्र. हे पोस्टकार्ड आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, पत्त्याच्या जागेतही दोन ओळी घुसवलेल्या. पूर्ण देतो.

प्रश्न : ऑपरेटर मालकांना नमस्कार. मी पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात माग चालवत होतो. आता घरीच असतो. तुम्ही लिहिलेला पिक्चर मी १९७८ साली रातपाळी सुटल्यावर सकाळच्या खेळाला पाहिला. तुमच्याच थेटरात असणार. तीन माणसं, सोनं, कब्रस्तान, सगळं लक्षात आहे. माझी शंका कापडाची आहे. त्या गोऱ्या हिरोच्या अंगात लांब कोट होता. शेवटी कब्रस्तानात तो येतो तेव्हा एकदम अंगावर घोंगडीसारखं कापड, मधे भोक पाडून डोक्यातून घातलेलं. किनारीला नक्षी होती, ती मी नीट बघितली. कोट गेला कुठं आणि घोंगडी आली कुठून? मला वाटलं मला डुलकी लागली असणार. रातपाळी होती. मागच्या महिन्यात नातवानं मोबाइलवर हा पिक्चर लावला, त्यात मधे मोठा पूल आहे, लढाई आहे, पूल उडतो. मी असलं काही पाहिलेलं नाही. पण एवढा पूल उडाला तर झोपेतला माणूसही उठेल. नातू म्हणतो, आजोबा तुम्ही घोरत होता. पुढचं बघायच्या आधी त्याची परीक्षा आली, मोबाइल गेला. तेव्हा तुम्हीच सांगा.

उत्तर : मालक, तुम्ही झोपला नव्हता. नातवाला हे वाचून दाखवा. तो पूल मी कापला.

सकाळचा खेळ साडेनऊला लागायचा. आधी सरकारी माहितीपट आणि जाहिराती, वीस मिनिटं. मग पिक्चर एकशे एकसष्ट मिनिटं, मधे दहा मिनिटांचं मध्यंतर. बेरीज करा, पावणेएक वाजतोय. आणि साडेबाराला आमचा रोजचा हिंदी खेळ, ज्याच्यावर थेटराचं पोट. पहिल्या दिवशी सकाळचे लोक बाहेर पडायला आणि दुपारचे आत घुसायला एकच दार, जिन्यात चपला सुटल्या, एका बाईच्या हातातलं पोरगं चेंगरता चेंगरता वाचलं. त्या रात्री मॅनेजर वर केबिनमध्ये आला आणि म्हणाला, वीस-बावीस मिनिटं कमी कर. कुठली ते तू बघ.

पिक्चर आठ मोठ्या रिळांत होता. मी रिवाइंडच्या टेबलावर बल्ब लावून, भिंग घेऊन बसलो. स्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या पिक्चरच्या पट्टीवरचं चित्र बाजूंनी दाबलेलं असतं. प्रोजेक्टरचं भिंग ते पडद्यावर रुंद करतं. त्यामुळे टेबलावर सगळी माणसं बांबूसारखी लांबुडकी दिसतात. मी गोष्टीचा धागा बघत होतो. सोन्यापासून लांब काय आहे? पूल. दोघं सैनिकांच्या हाती लागतात, एक दारुडा कप्तान भेटतो, पुलासाठी दोन फौजा रोज मरतायत, म्हणून ही दोघं पूलच उडवून टाकतात. मी म्हटलं, हे नसलं तरी चालेल. सैनिक भेटतात तिथं कात्री लावली आणि टुको कब्रस्तानात येऊन आपटतो तिथं जोडलं.

नंतर कळलं की शूटिंगच्या वेळी तो पूल एकदा कॅमेरे चालू व्हायच्या आधीच चुकून उडाला होता. स्पॅनिश सैन्यानं तो पुन्हा बांधून दिला, मग कॅमेऱ्यापुढं उडवला. म्हणजे दोनदा स्पेनमध्ये उडाला, आणि तिसऱ्यांदा मी सोलापुरात उडवला, दारूगोळ्याशिवाय.

दोन आठवडे खेळ चालला. एकानंही तक्रार केली नाही. त्या पुलाखाली पाण्यात उभं राहून दोघं एकमेकांना आपापलं गुपित सांगतात, कब्रस्तानाचं नाव आणि थडग्यावरचं नाव. म्हणजे पिक्चरची किल्लीच मी कापली होती. तरी कुणी विचारलं नाही, की टुकोला थडगं कळलं कसं? मी खूश. मला वाटायचं, बघा, लिओनेपेक्षा मला जास्त कळतं, पिक्चर अंमळ लांबलाच होता. पुढं काही वर्षं मी हे लोकांना फुशारकीनं सांगायचो. पिक्चरचा दोष म्हणून सांगायचो, की वीस मिनिटं काढली तरी पत्ता लागत नाही.

मग तोच पिक्चर पुन्हा लागला, या वेळी रात्रीच्या खेळाला, न कापता. तेव्हा मी तो भाग पहिल्यांदा पडद्यावर, रुंद आणि आवाजासकट नीट बघितला. तो कप्तान जखमी होऊन पडलेला असतो. ब्लाँडी त्याला बाटली देतो आणि कान उघडे ठेव म्हणतो. पूल उडाल्याचा आवाज ऐकून तो मरतो, तोंडावर हसू घेऊन. तोवर पैशापलीकडं काही न बघणारा ब्लाँडी माणसं मरताना बघून म्हणतो, एवढी माणसं एवढी वाया जाताना कधी पाहिली नाहीत. आणि मी याला ‘सोन्यापासून लांब’ समजून कापलं होतं.

तुमची शंका मात्र त्याच्याही पुढच्या प्रसंगातली आहे, आणि कापताना तो माझ्या भिंगाखालून गेला होता, हे मला चांगलं आठवतं. टेबलावर एक लांबुडका माणूस एका लांबुडक्या पोरावर वाकलेला. मी पट्टी पुढं ओढली.

तर तुमच्या कापडाचं सांगतो. पूल उडाल्यावर ते नदी ओलांडतात. पलीकडं एका मोडक्या भिंतींच्या आडोशाला एक दक्षिणेचा सैनिक पडलाय. मिसरूड फुटायच्या वयाचा. छातीत लागलंय, थंडीनं कुडकुडतोय, बोलता येत नाही. ब्लाँडी अंगातला तो लांब कोट काढतो आणि त्याच्यावर पांघरतो. मग तोंडातला चिरूट त्याच्या ओठांना लावतो. पोरगं दोन झुरके घेतं. धूर बाहेर येतो, आणि थोड्या वेळानं येत नाही. तिथंच एक कापड पडलेलं असतं, मधे भोक असलेलं, किनारीला तुम्ही बघितलेली नक्षी. ब्लाँडी ते उचलतो, डोक्यातून घालतो आणि निघतो. कोट तो परत घेत नाही.